पडशी आणि ओसरी

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या सडकेनें कात्रजचा घाट मागें टाकिला आणि खेड-शिवापूर, नसरापूर, कापूरहोळ, किकवी हीं गांवें ओलांडलीं, म्हणजे प्रवासी नीरेच्या खोऱ्यांत उतरतो. सारोळ्यास नदी, पलीकडे शिरवळ, आणि पुढें खंबाटकीचा घाट. ह्या सडकेपासून थोडें आंत, भोर तालुक्यांत, भोंगवली नांवाचें गांव आहे. आम्ही त्याचा उल्लेख करतों तो एखाद्या लढाईसाठीं किंवा शिलालेखासाठीं नव्हे. पुष्कळ वर्षांपूर्वीं तेथें एक रात्र काढण्याचा प्रसंग आम्हांस आला, आणि प्रवास म्हणजे काय ह्याविषयीं पुस्तकांनीं जें सांगितलें नव्हतें तें त्या रात्रीनें सांगितलें. तो प्रसंग शेवटीं येईलच. तत्पूर्वीं थोडा मागचा इतिहास पाहणें अवश्य आहे.

हल्लीं पाठीवर मोठी पिशवी टाकून महिना-महिना हिंडणारे तरुण व तरुणी आपल्याहि घरांतून निघूं लागले आहेत. तीं हॉटेलांत उतरत नाहींत. एका खोलींत सहा-आठ खाटा एकीवर एक रचिलेल्या अशा हॉस्टेलांत अनोळखी माणसांच्या शेजारीं झोंपतात, सामाईक चुलीवर आपलें अन्न शिजवितात, आणि घरीं परतल्यावर आपल्या अनुभवाचे चार धडे नव्या प्रवाशांस सांगतात : ओझें कमी न्या, सगळा पैसा एके ठिकाणीं ठेवूं नका, दिवस मावळण्यापूर्वीं मुक्कामास पोंचा, शेजाऱ्याची झोंप मोडूं नका. घरांतील वडील माणसांस हें सारें विलायती खूळ वाटतें. आमच्या मतें ह्यांत विलायती असें फारच थोडें आहे. दोन बाजूंस दोन खिसे असलेली, खांद्यावर टाकावयाची पडशी, आणि दारापुढील ओसरी, ह्या दोन वस्तूंच्या आधारानें महाराष्ट्राचा प्रवास शतकानुशतकें चालला. त्या प्रवासानें कोणतें व्यवहारज्ञान शिकविलें, आणि तें शिकण्याची संधि कोणास मिळाली व कोणास मिळाली नाहीं, हें पाहण्याचा ह्या लेखाचा उद्देश आहे.

आपल्याकडील सर्वांत जुनीं विश्रामस्थानें शोधावयाचीं तर डोंगराकडेच पाहावें लागतें. नीरेच्या पलीकडे शिरवळजवळ बौद्ध लेणीं आहेत. कार्लें, भाजें, जुन्नर येथील लेण्यांइतकीं तीं प्रसिद्ध नाहींत. परंतु त्यांची जागा पाहिली म्हणजे तीं वाटसरूंच्या मार्गापासून दूर नव्हतीं हें सहज ध्यानांत येतें. भिक्षूंनीं वर्षभर हिंडावें, मात्र पावसाळ्याचे महिने एके ठिकाणीं राहावें, असा बौद्ध संघाचा नियम होता. ह्या वर्षावासासाठीं खोदलेल्या खोल्यांत बहुधा एक दगडी ओटा असतो, आणि त्यावर एक माणूस कसाबसा कुशीवर वळूं शकतो. आजच्या हॉस्टेलांतील खाट त्याहून फार रुंद असते असें नाहीं. कार्ल्याच्या लेखांत दान देणाऱ्यांचीं नांवें आहेत, त्यांत यवनहि आहेत. अर्थात् सह्याद्रीच्या घाटांतून परक्या माणसांची ये-जा, आणि त्यांच्यासाठीं छप्पर उभारण्याची बुद्धि, ह्या दोन्ही गोष्टी ह्या भूमीस निदान दोन हजार वर्षांच्या ओळखीच्या आहेत.

पुढच्या काळांत हें काम देवळांच्या ओवऱ्या, मठ, गांवच्या चावड्या आणि धर्मशाळा ह्यांनीं केलें. अहिल्याबाई होळकर ह्यांनीं (१७२५ ते १७९५) आपल्या राज्याच्या सीमेबाहेर, हिंदुस्थानभरच्या तीर्थांच्या ठिकाणीं, घाट, विहिरी, धर्मशाळा व अन्नछत्रें ह्यांची सोय केली. हें कार्य आपण बहुधा धर्मकृत्य म्हणून गौरवितों. व्यवहाराच्या दृष्टीनें पाहिलें तर तें त्याहून कमी मोलाचें नाहीं. ज्याच्यापाशीं पैसा नाहीं अशा माणसाला घर सोडून शेंकडों कोस जातां येईल, हा भरंवसा त्यांतून निर्माण झाला. आणि धर्मशाळेनें त्याच्या मोबदल्यांत प्रवाशाकडून कांहीं शिस्तहि मागितली. तीन रात्रींहून अधिक राहूं नये, आपली चूल आपण मांडावी व निघतांना आपणच सारवावी, विहिरीजवळ घाण करूं नये, मागून येणाऱ्यास जागा करून द्यावी. हे नियम पुष्कळ ठिकाणीं भिंतीवर लिहिलेले नसत. परंतु ते मोडणाऱ्याची गांठ दुसऱ्या दिवशीं पुढच्या मुक्कामावर त्याच सोबत्यांशीं पडे, आणि तेवढा धाक पुरेसा होई.

ह्या प्रवासविद्येचा मराठींतील सर्वांत बोलका ग्रंथ म्हणजे विष्णुभट गोडसे ह्यांचा 'माझा प्रवास'. पेण तालुक्यांतील वरसईचे हे भिक्षुक घरच्या कर्जानें गांजले होते. मथुरेस बायजाबाई शिंदे सर्वतोमुख यज्ञ करणार अशी वार्ता त्यांच्या कानीं आली, आणि दक्षिणेच्या आशेनें ते आपले चुलते रामभट ह्यांच्यासह १८५७ च्या आरंभीं उत्तरेकडे निघाले. महूच्या सुमारास वाटेंत शिपाई भेटले, व पुढें मोठें बंड होणार असल्याची सूचना त्यांच्याकडून मिळाली. तरीहि भटजी पुढेंच गेले. उज्जैन, ग्वाल्हेर, झांशी, काल्पी, बिठूर, अयोध्या, काशी असा त्यांचा फेरा झाला. १८५८ च्या मार्च-एप्रिलांत सर ह्यू रोज ह्याच्या फौजेनें झांशीस वेढा घालून शहर घेतलें, तेव्हां ते शहराच्या आंतच होते. गांठीचा पैसा लुटींत गेला, जीव वांचला. दोन-तीन वर्षांनीं घरीं परतले तेव्हां कर्ज फिटेल एवढें द्रव्य त्यांच्यापाशीं नव्हतें. आईबापांस स्नान घालण्यासाठीं आणिलेली गंगोदकाची कावड मात्र होती. चिंतामणराव वैद्य ह्यांच्या आग्रहावरून त्यांनीं ही हकीकत पुढें लिहून काढिली. वैद्यांनीं ती १९०७ सालीं प्रसिद्ध केली, त्या वेळीं गोडसे हयात नव्हते. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ति दत्तो वामन पोतदार ह्यांनीं १९६६ सालीं काढिली.

हा ग्रंथ आपण सत्तावन सालच्या रणधुमाळीसाठीं वाचतों. तोच एकदां प्रवाशाच्या नजरेनें वाचून पाहावा. पहिली गोष्ट दिसते ती ही कीं, गांठोड्यांतली मिळकत एका क्षणांत जाते, परंतु विद्येची व ओळखीची मिळकत लुटारूस नेतां येत नाहीं. भटजी प्रत्येक वेळीं पुन्हां उभे राहिले, ते मुखोद्गत मंत्रांच्या आणि उत्तरेंत पसरलेल्या दक्षिणी कुटुंबांच्या बळावर. दुसरी गोष्ट बातमीची. त्या काळीं वाटेवरचा सोबती आणि मुक्कामावरची संध्याकाळ हेंच प्रवाशाचें वर्तमानपत्र होतें. कोणता घाट सुरक्षित, कोठें फौज उतरली आहे, कोणत्या गांवीं दाणा महाग आहे, हें सारें तेथें कळे. आणि ऐकलेल्यांतलें किती खरें धरावें हें ज्यास समजे तोच सुखरूप परते. महूची सूचना भटजींनीं ऐकली आणि बाजूस ठेविली. त्या एका निर्णयामुळें मराठी वाङ्मयास एक अपूर्व ग्रंथ मिळाला, आणि भटजींस पुढें जें सोसावें लागलें तेंहि त्याच निर्णयाचें फळ होतें. प्रवासांत धैर्य आणि अविचार ह्यांमधील सीमा बहुधा घरीं परतल्यावरच दिसते.

योगायोग असा कीं, इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (१८६३ ते १९२६) हेहि जन्मानें वरसईचेच. एका वरसईकरानें इतिहास घडतांना पाहिला. दुसऱ्यानें तो गांवोगांव हिंडून गोळा केला. वाई येथें मिळालेल्या पत्रांवरून त्यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' ह्याचा पहिला खंड १८९८ सालीं काढिला, आणि पुढें एकंदर बावीस खंड झाले. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें, त्याच्या मुळाशीं हीच पायपीट होती. सामान बेताचें, स्वयंपाक स्वतःच्या हातचा, मुक्काम मिळेल तेथें, अशी त्यांची रीत. ज्याला थोडें लागतें त्याला थांबतां येतें, हें त्यांच्या यशाचें एक कारण असावें. जुने कागद माळ्यावर पडलेले असत, आणि परक्या माणसास ते दाखविण्यास घरवाले कचरत. वतनाच्या तंट्याची भीति असे, सरकारचीहि असे. अशा दारांत घाईचा माणूस रिकाम्या हातानें परततो. उद्यां पुन्हां येतों असें म्हणून खरोखरच उद्यां येणाऱ्या माणसापुढें दप्तराची गांठ सुटते.

एकट्यादुकट्याचें असें, तर समुदायाचें काय ? त्याचें उत्तर दर आषाढांत आपल्या डोळ्यांपुढून जातें. आळंदीहून निघणारा ज्ञानेश्वरमहाराजांचा पालखीसोहळा आजच्या स्वरूपांत लाविला तो आरफळच्या हैबतबाबांनीं, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत. हे गृहस्थ ग्वाल्हेरीस शिंद्यांच्या पदरीं होते, आणि फौजेची शिस्त त्यांनीं भक्तीच्या कामीं लाविली. रथापुढें सत्तावीस दिंड्या ठराविक क्रमानें चालतात, मुक्काम ठरलेले असतात, आणि नीरा ओलांडतांना त्याच नदींत पादुकांस स्नान होतें. संध्याकाळीं तळावर समाजआरती होते. तेथें चोपदार हातांतील चोप उंचावतो, हजारों लोक एकदम गप्प होतात, आणि मग दिवसभरांत हरवलेल्या व सांपडलेल्या वस्तूंची यादी पुकारली जाते. कोणाची पिशवी, कोणाचा चष्मा. आम्हांस ह्या यादीचें नेहमींच कौतुक वाटत आलें आहे. अनोळखी माणसांच्या एवढ्या मेळ्यांत सांपडलेली वस्तु परत आणून देण्याची एक ठरलेली वेळ व जागा असणें, ह्याहून चांगली प्रवासव्यवस्था दुसरी कोणती सांगावी ?

येथपर्यंत आलेल्या वाचकास जुन्या प्रवासाविषयीं गोडी वाटूं लागली असेल. ती तशीच ठेवून लेख संपविणें सोपें आहे, परंतु प्रामाणिकपणाचें नाहीं. भटजींस जीं दारें उघडलीं तीं सर्वांस उघडत नव्हतीं. पंडिता रमाबाईंचें (१८५८ ते १९२२) बालपण व तारुण्याचा प्रारंभ आईबापांबरोबर व पुढें भावाबरोबर तीर्थोतीर्थीं पायीं हिंडण्यांत गेला. पुराणें सांगावीं आणि मिळेल त्यावर राहावें, असा क्रम होता. मद्रास इलाख्यांतील दुष्काळांत आईबाप गेले. पुराण सांगणाऱ्या शास्त्र्यास अन्न देणारें जग धान्य आटतांच दार लावून घेतें, हें त्यांनीं कोवळ्या वयांत पाहिलें. पुढें पुण्याजवळ केडगांवीं त्यांनीं निराधार बायकांसाठीं जें आश्रयस्थान उभारलें, त्याच्या पायांत ही पायपीट आहे असें म्हणावयास हरकत नाहीं.

आणि दुसरी एक वाट ह्याच सातारा प्रांतांतली. १९०१ च्या सुमारास भीमराव आंबेडकर हे नऊ-दहा वर्षांचे असतां आपला वडील भाऊ व भाच्यांसह, वडिलांस भेटण्यासाठीं साताऱ्याहून निघाले. मसूर स्टेशनावर मुलें उतरलीं. नेण्यास कोणी आलें नव्हतें, कारण पत्र पोंचूनहि निरोप वडिलांपर्यंत गेला नव्हता. चांगल्या कपड्यांतील मुलें पाहून स्टेशनमास्तरानें आस्थेनें चौकशी केली. जात कळतांच तो मागें सरला. गाडीवाले भाडें दुप्पट देऊं केलें तरी गाडी हांकण्यास तयार होईनात. शेवटीं मुलांनीं गाडी हांकावी व मालकानें शेजारून पायीं चालावें, अशी तडजोड झाली. शिदोरी बरोबर होती, परंतु वाटेंत पिण्याजोगें पाणी कोणी देईना, आणि पाण्यावांचून ती शिदोरी तशीच राहिली. जकातीच्या नाक्यावर मुसलमान आहों असें सांगून पाहिलें. तरीहि पाणी मिळालें नाहीं. मुलांनीं ती रात्र नाक्यापाशीं उपाशीं काढिली. डॉ. आंबेडकरांनीं हा प्रसंग पुढें 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या आपल्या आठवणींत लिहिला आहे.

वर सांगितलेले प्रवासाचे सारे नियम ह्या मुलांनीं पाळले होते. आगाऊ पत्र पाठविलें होतें, शिदोरी घेतली होती, पैसे होते, सोबत होती. तरी प्रवास फसला. ज्या धड्यांची आपण यादी करतों ते सारे एका गृहीतावर उभे आहेत : दार ठोठावलें असतां तें उघडेल. हें गृहीत खरें नसेल तर हलक्या ओझ्याचा व लवकर पोंचण्याचा उपयोग काय ? पंढरीचें विठ्ठलमंदिर अस्पृश्यांस खुलें व्हावें म्हणून साने गुरुजींस १९४७ सालीं उपोषण करावें लागलें, ही गोष्ट वारीच्या शिस्तीचें वर्णन करतांना विसरतां येत नाहीं.

युरोपांतील हॉस्टेलचा इतिहासहि हेंच सांगतो. रिखार्ड शिरमान नांवाचा एक जर्मन शाळामास्तर १९०९ च्या ऑगस्टांत आपल्या विद्यार्थ्यांस घेऊन पायीं सहलीस निघाला असतां वादळांत सांपडला. एका खेड्याच्या शाळेंत गवतावर पोरांनीं रात्र काढिली. सुटींत रिकाम्या पडणाऱ्या शाळा हिंडणाऱ्या मुलांस कां देऊं नयेत, हा विचार त्यास त्या रात्रीं सुचला. १९१२ सालीं आल्टेना येथील किल्ल्यांत पहिलें कायमचें युवक-वसतिगृह सुरू झालें, आणि १९३२ सालीं अशा संस्थांचा आंतरराष्ट्रीय संघ ॲम्स्टरडॅम येथें स्थापन झाला. परंतु लागलीच, १९३३ सालीं, जर्मनींतील हीं वसतिगृहें हिटलरच्या युवकसंघटनेच्या ताब्यांत गेलीं. घर तेंच, खाटा त्याच. दारांत कोणास घ्यावयाचें हें ठरविणारा मात्र बदलला. महायुद्ध संपल्यावर ती चळवळ पुन्हां उभी राहिली.

आतां भोंगवलीची रात्र. आम्ही तिघे विद्यार्थी नीरेच्या खोऱ्यांतून पायीं हिंडत होतों. आमच्यांतील एकाचें आडनांव असें होतें कीं, तें उच्चारतांच ऐकणारास त्याची जात कळावी. त्या दिवशीं दुपारीं दुसऱ्या एका गांवीं पावसानें गांठलें म्हणून आम्ही देवळाच्या ओवरींत शिरलों. तेथें बसलेल्या गृहस्थानें आडनांवें विचारलीं, आणि तीं ऐकल्यावर ओवरी झाडावयाची आहे असें सांगितलें. भर पावसांत ओवरी झाडण्याची ती निकड आम्हां तिघांसहि समजली. कोणी कांहीं बोललें नाहीं. संध्याकाळीं भोंगवलीस पोंचलों तेव्हां अंगावर कोरडा असा धागा उरला नव्हता.

एका घराच्या ओसरीवर कंदिलाच्या उजेडांत एक म्हातारी जोंधळे निवडीत बसली होती. "कुठली रं पोरं तुमी ?" तिनें विचारलें. आम्हीं गांवें सांगितलीं. ती आंत गेली आणि आंतूनच तिनें कांहींतरी विचारलें. पत्र्यावरच्या पावसांत शब्द नीट कळले नाहींत. परंतु आमच्या मित्रानें तत्काळ स्वतःचें आडनांव सांगून टाकिलें, जणूं मागण्यापूर्वींच जकात भरावी तसें. म्हातारी दारांत आली. "आडनांव कशाला ?" ती म्हणाली, "भाकरी किती टाकूं, त्ये इचारलं म्या."

आम्ही ओसरीवरच जेवलों. झोंपण्यापूर्वीं तिनें एवढेंच सांगितलें कीं, गोठ्याकडची बाजू गळते, अंथरूण भिंतीकडे ओढा. सकाळीं निघतांना आम्हीं पैसे पुढें केले. "पैकं ऱ्हाऊं द्या," ती म्हणाली, "ओसरी तेवढी झाडून जावा." कोपऱ्यांत केरसुणी होती. आम्हीं तिघांनीं मिळून ती ओसरी झाडली, आणि सारोळ्याच्या वाटेस लागलों. पुष्कळ अंतरापर्यंत आमचा मित्र नेहमींपेक्षां अधिक बोलत होता.

त्या एका घरावरून आम्ही साऱ्या खेड्यांची थोरवी गाऊं इच्छीत नाहीं. दुपारची ओवरीहि ह्याच खोऱ्यांतली होती. फरक गांवांत नव्हता, विचारलेल्या प्रश्नांत होता. ज्याच्या हातीं दार आहे त्यानें वाटसरूस प्रथम काय विचारावें, ह्यावर प्रवासाची सारी संस्कृति अवलंबून आहे.

आज सिमेंटच्या घरांबरोबर ओसऱ्या नाहींशा होत चालल्या आहेत. राजगड, तोरणा, रोहिडा, रायरेश्वर ह्या स्थळांकडे मात्र दर पावसाळ्यांत तरुणांच्या झुंडी लोटतात. भोर व वेल्हें ह्या भागांतील वाटेवरच्या गांवांनीं शाळेची अगर समाजमंदिराची एक खोली, एक पाण्याची टांकी, आणि चार कोरड्या सतरंज्या वाटसरूंसाठीं ठेवाव्या, अशी आमची सूचना आहे. तिचा खर्च थोडा आहे. येणारांनींहि आपली बाजू सांभाळावी : दिवसाउजेडीं पोंचावें, आपलें पाणी-शिदोरी बरोबर आणावी, रात्रीं गलबला करूं नये, प्लास्टिकचा कागद कीं कपटा मागें ठेवूं नये. वहींत नांव लिहून घेणें आतांच्या कायद्याप्रमाणें अवश्य असेल, तर तें अवश्य लिहून घ्यावें. परंतु भाकरी किती टाकावयाच्या, हें त्याच्या आधीं विचारावें. आणि निघतांना केरसुणी कोठें आहे हें पाहुण्यानें आपण होऊन विचारावें.